रुमालाखालचा सौदा

दौंडच्या पोरानं मला फसवलं. इंग्रजी बोलण्याच्या उन्हाळी शिबिरात, भर सभागृहात, माझी आई पहिल्या रांगेत बसलेली असताना फसवलं.

शिबिर दौंडला, स्टेशनजवळच्या एका शाळेत होतं. मी शिरूरहून गेलो होतो. नियम असा की दिवसभर इंग्रजी. मराठी बोलेल त्यानं सगळ्यांची ताटं घासायची. सुरुवातीला ताटं मीच घासली, कारण मला राग येतो तो मराठीतच येतो. पुढं इंग्रजीतही यायला लागला. सर म्हणाले, "प्रोग्रेस आहे!"

त्या पोराची आणि माझी पहिल्याच दिवशी गट्टी जमली. त्याचे अब्बा आणि माझे वडील, दोघंही बैलांचे व्यापारी.

शेवटच्या दिवशी स्पर्धा होती: जोडीजोडीनं इंग्रजीत सौदा करून दाखवायचा. जो छान बोलेल तो पालकांसमोर माईकवर आभाराचं भाषण करणार. ते भाषण मी आधीच पाठ केलं होतं आणि आईला सांगून ठेवलं होतं, "ये, तुझा लेक इंग्रजीत बोलणार हाय." ती ठेवणीतली साडी नेसून सकाळच्या एसटीनं आली.

आम्हा दोघांची जोडी लागली. लाकडी खुर्ची म्हणजे बैल. मी विकणारा, तो घेणारा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. आमच्या बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो. रुमालाखाली, बोटांनी, मुकाट्यानं. शेजारच्याला कळता कामा नये. हे मी चालायला लागल्यापासून बघत आलोय. रुमाल पडला आणि माझी जीभ आपोआप गप्प झाली.

तो मात्र खाली बोटं दाबत होता आणि वर तोंडानं सुटला होता. "व्हाय सो थिन? माय ग्रँडफादर रन्स फास्टर!" सभागृह हसून लोळतंय, आणि मी घामाघूम होऊन बोटांनी भाव रेटतोय. शेवटी मनासारखा भाव मिळाला. मी ऐटीत सरांकडे पाहिलं.

"यू डिड नॉट स्पीक वन वर्ड," सर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "ही इज चीटर! नोबडी टॉक्स अंडर रुमाल! माय मदर केम फ्रॉम शिरूर! आय नो फुल स्पीच! आस्क मी! आस्क मी नाऊ!" एवढं इंग्रजी शिबिरभर माझ्या तोंडून निघालं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. माईक मात्र त्यालाच मिळाला.

परतताना एसटीत आईनं विचारलं, "भाषण त्या पोराचं हुतं, मग तू काय बोलत हुतास?"

"भांडत हुतो."

"व्हय? लई झ्याक भांडलास. सायबासारखा!"

आज मी रांजणगावच्या कंपन्यांना लाकडी पेट्या पुरवतो. स्वतः उभा केलेला धंदा आहे. परदेशी साहेबाशी घासाघीस इंग्रजीत करतो, आणि आवाज चढला की माझं इंग्रजी आणखी सुधारतं. तो दौंडकर आता अब्बांच्या जागी बाजारात बसतो. मी गेलो की चहा पाजतो आणि चारचौघांत सांगतो, "ह्याला इंग्रजी म्या शिकवलं." "रुमाल मुद्दाम टाकला हुतास का?" असं मी विचारलं की हसतो आणि माझा हात धरून नुसती बोटं दाबतो.

ते चालणार नाही. त्यानं उत्तर द्यावं. चारचौघांत, तोंडानं आणि इंग्रजीत. ऐकायला माझी आई पुन्हा पहिल्या रांगेत बसेल.