हिरवी मागितली, ढीग आला

विनोदला ॲप बनवता येत होतं. नागेंद्रआप्पांना नाही म्हणता येत नव्हतं. वडगावात ते कुणालाच येत नाही म्हणा! आप्पा विणकरांच्या गटाचे प्रमुख. उभा जन्म दुकानाच्या गादीवर बसून गिऱ्हाईकापुढे साड्या टाकण्यात गेलेला. गल्लीतली साडी थेट मोबाईलवर विकायची हे त्यांनीच ठरवलं, आणि काम गल्लीतल्याच पोराला दिलं. विनोदचे वडील परशराम तेव्हा माग मोडीत काढायच्या विचारात होते. "ह्या लग्नसराईत साडी खपली तर माग ठेवतो," एवढंच ते म्हणाले होते.

विनोदने आप्पांना समजावलं, "हिरवी मागितली की सर्व्हरवरच्या डेटाबेसनं तिथंच निवडायचं, आन् हिरव्याच तेवढ्या फोनवर धाडायच्या."

आप्पा हसले. "येडा हाईस काय रं? हिरवी मागितली म्हणून हिरवीच टाकायची व्हय? आधी समदा ढीग म्होरं टाकायचा. हिरवी मागणारी बाई जांभळी बी घेऊन जाती."

"गादीवर ढीग उचलायला माणूस असतोय आप्पा. हितं समदा ढीग फोनला वढाय लागतोय."

शेजारी बसलेल्या परशरामांनी पोराकडे डोळे वटारले. "आप्पा म्हणत्यात तसं कर की."

विनोदने तसं केलं. आधी सगळ्या साड्या फोटोंसकट फोनवर यायच्या, मग त्यांतल्या हिरव्या फोनने निवडायच्या. साड्या थोड्या होत्या तोवर सगळं झकास चाललं. आप्पांनी कुंद्याची मिठाई वाटली. मग शेजारच्या शहापूर, खासबागचे विणकरही आले, साड्या वाढतच गेल्या आणि लग्नसराई तोंडावर आली.

नंदगडला दिलेल्या थोरल्या बहिणीचा, भाग्यलक्ष्मीआक्काचा फोन आला. "इन्या, हिरवी साडी बघाय गेले, तर नुसतं गोल फिरालंय बघ. जावेनं तर काढूनच टाकलं तुझं ॲप."

विनोद आप्पांकडे धावला. दुरुस्ती चार ओळींची होती. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गिऱ्हाईक थांबंना म्हंजे माल कमी पडालाय. अजून साड्या टाक."

त्याने टाकल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. गुपचूप बदलून टाकावं असं त्याला रोज वाटे. पण आप्पा रोज सकाळी आपल्या नव्या फोनवर ढीग उघडून बघत, आणि बोल लागला असता तो परशरामांना. विनोद स्वतःवरच चिडायचा आणि अजून साड्या चढवायचा.

लग्नसराई सरली. परशरामांनी भंगारवाल्याला सांगावा धाडला. त्याच सुमारास पाहुण्यांसमोर आप्पांचा स्वतःचा फोन अडकला. गोल फिरत राहिलं, पाहुणे हसले. "कर बाबा तुझ्या मनासारखं," आप्पा म्हणाले.

वरातीमागून घोडं! एका दुपारात काम झालं. विनोदने 'हिरवी' लिहिलं आणि पापणी लवायच्या आत हिरव्याच तेवढ्या समोर आल्या. सगळ्यात वर वडिलांची, जरीकाठाची. बाहेर भंगारवाले मोडलेला माग टेम्पोत चढवत होते.

तेवढ्यात फोन वाजला. ॲपवर निपाणीच्या एका घरची मागणी आली होती, तुळशीच्या लग्नानंतरच्या आहेरासाठी. तीच हिरवी, सगळ्या एकसारख्या विणून हव्या होत्या.

टेम्पो वळून गेल्यावर परशराम आत आले. त्यांनी फोन हातात घेतला, 'हिरवी'वर बोट ठेवलं आणि आपली साडी बघितली.

"लगीच आली की रं," ते म्हणाले. "आधीच का न्हाय केलास असं?"

विनोदने फोन परत घेतला आणि निपाणीच्या मागणीखालचं 'उपलब्ध नाही' दाबलं.