दुसरी पेटी जोडली अन् कमलले करंट लागला

रेडिओ मंडळातल्या दोस्तहो, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद लावून राह्यलो.

गाण्यातली ढोलकी छातीत घुमावी म्हणून आज दुपारी मी घरच्या रेडिओले दुसरी स्पीकरची पेटी जोडली. रिसोडहून आणलेली, वेगळ्या प्लगवर चालणारी. पण ढोलकी राहिली बाजूले, नुसती घरघर सुरू झाली.

“वायर ढिली असंन,” म्हणत माझी बायको कमल पुढं आली. तिनं एक हात रेडिओच्या मागच्या पत्र्यावर ठेवला, दुसरा नव्या पेटीवर. अन् तशीच ताठ झाली. डोळे माझ्याकडं, पण तोंडातून आवाज नाही.

मी तिले ओढायले धावलो. दारातून आई ओरडली, “तिले हात नको लावू! आंधी मेन बटन बंद कर!”

बटन बंद केलं तशी कमल खाली कोसळली. बऱ्याच वेळानं पुटपुटली, “पाणी द्या.” तवा मी रडलो.

डॉक्टर म्हणतात, धोका टळला. मेकॅनिक म्हणाला, रेडिओचा दोन पिनांचा प्लग उलटा लागला म्हणून त्याच्या पत्र्यात करंट उतरला. मले हे माहीतच नव्हतं.

तुमच्या घरी हे कोणाले माहीत आहे?