म्हशींनी ओढलेली लाँच

आमच्या घरात सगळे मागावरचे, तेलुगू बोलणारे विणकर. मी एकटाच वेगळा निघालो, विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायला लागलो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी भीमेवरच्या धरणात पाणी साठायला लागलं, तेव्हा एका ठेकेदाराला लाँचचं इंजिन सांभाळणारा माणूस हवा होता. इंजिन विहिरीवर काय आणि पाण्यावर काय, असं म्हणून मी सोलापुरातून करमाळ्याची बस धरली.

लाँचच्या मागे दोराने बांधलेला तराफा असायचा. लोखंडी पिंपांवर फळ्या ठोकलेल्या, बस्स. त्यावर खडी, सिमेंट, पाइप लादायचे आणि ओढत पलीकडच्या काठाला न्यायचे. लाँच चालवायला सोलापूरचेच एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी वीस वर्षं ट्रक चालवला होता आणि लाँचही ते ट्रकसारखीच चालवायचे. वळायचं असलं की खिडकीतून हात बाहेर काढायचे. पाण्यावर आमच्या मागे-पुढे एक होडीसुद्धा नसायची, तरी हात बाहेर.

मी गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी लाँच बाभळीवर चढवली. पाणी चढून रानातली झाडं बुडाली होती, एका बाभळीचा शेंडा पाण्याखाली वीतभर राहिला होता, त्याच्यावर आम्ही बसलो. पुढे जाईना, मागे येईना. अर्धा दिवस तसेच बसून होतो, मग कोळ्यांनी येऊन ढकललं. चहाच्या टपरीवर चाचांनी सांगितलं की लाँचएवढा मासा खालून आला, आम्हाला पाठीवर घेतलं आणि त्याला तिथंच झोप लागली. मी बाभळीचं सांगायला तोंड उघडलं, पण लोक तोवर तो मासा काय खातो हे विचारू लागले होते.

एकदा दुपारच्याला काठावर एक बाई पाच म्हशी घेऊन उभी. पन्नाशीची असेल, उंच, अंगावर इरकली लुगडं, कपाळावर भस्माचे पट्टे. माहेर अक्कलकोटकडचं, म्हणून म्हशींशी कानडीत बोलायची आणि आमच्याशी मराठीत. म्हशी तिने बहिणीच्या गावाला चरायला नेल्या होत्या. परत निघाली तर पायवाट पाण्याखाली. पलीकडे दिसत होतं तेच तिचं गाव, पण रस्त्याने जायचं तर दोन दिवसांचा वळसा. तराफा रिकामाच होता. तरी चाचा नको म्हणाले, इंजिनाच्या आवाजाने म्हशी बिथरतील.

ती म्हणाली, "माज्या म्हशी बिथरत न्हाईत. तुमी बिथरू नगा म्हंजे झालं."

चाचांनी हातानेच चढा अशी खूण केली. म्हशी तराफ्यावर चढल्या, ती मध्ये उभी राहिली, आम्ही निघालो. पाचही म्हशी रवंथ करत, आवाजाकडे ढुंकूनही न बघता. निम्म्या पाण्यात गेल्यावर चाचांना वाटलं, समोर झाडाचा शेंडा आहे. बाभळीचा धसका होताच. त्यांनी लाँच एकदम मागे घेतली, ढिला पडलेला दोर खाली गेला आणि लाँचच्या पंख्यात गुंडाळला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. शेंडाबिंडा काही नव्हता, एक पाणकोंबडी होती, ती उडून गेली.

वारा सुटला होता. आम्ही हळूहळू मोठ्या पाण्याकडे सरकू लागलो. पाण्यात उतरून दोर कापायला हवा होता. चाचा माझ्याकडे बघायला लागले, मी चाचांकडे. मी म्हणालो, मला पोहता येत नाही. ते म्हणाले, त्यांनाही येत नाही, मला येत असेल म्हणून ते इतके दिवस निर्धास्त होते. मीही त्यांच्याच भरवशावर होतो. हे ऐकून ती बाई इतकी हसली की तिला म्हशीच्या मानेवर रेलावं लागलं. मग मलाही हसू आवरेना. 

हसणं ओसरल्यावर तिने उन्हाकडे पाहिलं. म्हणाली, धार काढायची येळ झालीच हाय, घर दिसतंय, म्हशी जातील की. तिने तराफ्याच्या पुढच्या कडीला दोन दोर बांधले, त्यांची टोकं दोन थोराड म्हशींच्या खांद्यांवरून छातीशी घेतली आणि म्हशी पाण्यात ढकलल्या. बाकीच्या तीन आपणहून उतरल्या. पुढच्या म्हशीच्या पाठीवर ती स्वतः बसली आणि कानडीत तिला काहीतरी गोड बोलली. दोर ताणले. तराफा हलला. तराफ्यामागे, पंख्यात अडकलेल्या दोराने ओढली जात, उलटी फिरून आमची लाँचही निघाली.

पाठ पुढे करून आम्ही चाललो होतो. तरी चाचा स्टिअरिंग सोडायला तयार नव्हते. म्हणाले, गाडीत बसलेल्या माणसाने गाडी वाऱ्यावर सोडू नये. काठ जवळ आला तेव्हा त्यांनी भोंगाही वाजवला. इंजिनाच्या आवाजाने न बिथरलेल्या म्हशी भोंग्याने मात्र अशा सुटल्या की शेवटचं अंतर आम्ही धावतच कापलं आणि चिखलात रुतलो. काठावर एकच मेंढपाळ होता. त्याने लाँचकडे पाहिलं, म्हशींकडे पाहिलं आणि मेंढरं घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मुकादम आला. दोर पंख्यात कसा गेला, लाँच चिखलात कशी, हे त्याला लिहून न्यायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, चाचांनी घडलं तसं सांगितलं. मुकादमाने पेनाला टोपण लावलं. म्हणाला, "चाचा, मासा मी मानला. म्हशी न्हाई मानत."

चाचांनी चिखलातल्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, मगरीने पंखा धरला होता. मुकादमाने पेनाचं टोपण काढलं आणि मगरीची लांबी विचारली. चाचांनी बारा हात सांगितली, मी घाबरून दहा म्हणालो, त्याने अकरा लिहिली. पुढच्याच आठवड्यात वरच्या कचेरीतून दोन माणसं मगर धरायला आली आणि चार दिवस काठावर जाळं लावून बसली. ती बाई त्यांना रोज सकाळी ताक पाजायची आणि मगर कुठं कुठं दिसली ते सविस्तर सांगायची. रोज नवी जागा.

सुट्टीला सोलापूरला गेलो तेव्हा घरी सगळं सांगितलं. भावांनी माझी टर उडवली. आई मात्र मागासाठी सुताची कांडी भरता भरता नीट ऐकत होती. शेवटी तिने तेलुगूत एकच विचारलं, एवढं पोहून आल्यावर त्या म्हशींनी दूध किती दिलं? मी म्हणालो, विचारलं नाही. ती म्हणाली, मग तू तिथं करत काय होतास?