तिसऱ्या शाखेचं जुनं यंत्र

आमच्या कानांच्या दवाखान्याच्या तीन शाखा. एका ठिकाणी नोंदवलेलं तिन्हीकडे साठवलं जातं की नाही, हे बघायचं काम एकाच माणसाचं. सगळ्याच्या नकला ठेवतो, म्हणून आम्ही त्याला नक्कलकाका म्हणायचो. दुखरे गुडघे, पंधरा वर्षांची नोकरी आणि रोज सकाळी डॉक्टरसाहेबांची तीच बोलणी, "तिसरी शाखा पुन्हा दोन दिवस मागे?"

तिथलं नोंदी साठवायचं यंत्र जुनं होतं. इथून गेलेला बदल त्याच्याकडे रांगेत पडून राहायचा आणि तिसऱ्या दिवशी उतरायचा. नवीन यंत्र मागून मागून काकांचं तोंड दुखलं. पण यंत्र बदलण्यापेक्षा माणसाला बोलणं सोपं असतं.

एका बुधवारी दुपारी श्रवणतपासणीच्या मोठ्या बाई काकांच्या टेबलापाशी आल्या. चेहरा पांढराफटक. दुबार झालेल्या फायली काढता काढता त्यांनी मूळ फोल्डरच पुसला होता. जुन्या पेशंटांचे नऊ वर्षांचे आलेख. त्यांवरूनच श्रवणयंत्रं जुळवायची असतात.

"कधी पुसलात?"

"सोमवारी दुपारी. जुने पेशंट बुधवारीच येतात, म्हणून आज कळलं. पण दुसऱ्या शाखेत असतील ना?"

"तिथलेही त्याच मिनिटाला गेले, बाई. इथे पुसलं की तिथेही पुसतं."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "त्यातले कितीतरी आता अंथरुणाला खिळलेत हो. त्यांना पुन्हा तपासायला कसं आणू?"

काकांनी घड्याळ पाहिलं आणि उठले. तिसऱ्या शाखेत आलेख अजून असणार होते, पण पुसण्याचा हुकूमही रांगेत नंबर लावून बसला होता. ते यंत्र इथून थांबवता येत नव्हतं. त्याच्या कपाटाची किल्ली काकांच्याच खिशात. मीही त्यांच्यासोबत बसमध्ये चढलो.

तिसऱ्या शाखेची लिफ्ट बंद. तीन मजले काका कठडा धरून चढले. कपाट उघडून त्यांनी यंत्र थांबवलं, मग पडद्यावर पाहिलं. फोल्डर जागेवर होता. काका तिथेच फरशीवर बसले. मला रडू आलं, त्यांना नाही. फोनवर बाईंना एवढंच म्हणाले, "आहेत."

पुढच्या महिन्यात डॉक्टरसाहेबांनी तिसऱ्या शाखेला नवंकोरं यंत्र आणलं. आता तिन्हीकडे एका मिनिटात सारखं! एक तरी नक्कल मुद्दाम आठवडाभर मागे ठेवू या, असं काकांनी लिहून दिलं. साहेब हसले, "इतकी वर्षं मागेच होतो की! आता कशाला?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काका, चांगलं भांडायचं होतंत!"

"थकलो रे," काका खुर्चीत टेकत म्हणाले. "आणि आता काही पुसलं गेलं, तर मला धावावंही लागणार नाही."