गाडीला लावलेली खळ

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचे. सातवीनंतर मला औताला जुंपायचं घरात ठरलं होतं. हेडमास्तर घरी आले, ओसरीवर बसले आणि वडील हो म्हणेपर्यंत चहाला हात लावणार नाही म्हणाले. वडील पुढं लोकांना सांगत, की चहा निवायला लागला होता म्हणून मी हो म्हटलं, नाहीतर शिक्षणाबिक्षणाचं माझ्या डोक्यात नव्हतं. त्या निवलेल्या चहावर मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिलाच.

पदवी हातात आल्यावरही हेडमास्तरांनी मला मोकळं सोडलं नाही. स्वतः बरोबर येऊन साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांपुढं उभं केलं आणि म्हणाले, हा मुलगा माझ्या शब्दावर ठेवून घ्या. साहेबांनी ठेवून घेतलं. काम, साहेबांबरोबर गाडीत बसायचं, त्यांची भाषणं लिहायची, निवेदनं स्वीकारायची. नेमणूक हंगामी होती. कायम करायचं की नाही हे साहेबांच्या मर्जीवर. ते साल बहात्तरचं. आमच्या विहिरीत तळाचा खडक दिसत होता आणि घरात येणारी एकमेव ओली वस्तू म्हणजे माझा पगार. कायम या एका शब्दाकडं आमचं सगळं घर चातकासारखं पाहत होतं.

त्याच सुमाराला साहेबांची नवी अँबॅसडर आली. पुष्कळ वर्षं नंबर लावून बसल्यावर आली. रंग दुधी. साहेबांचा त्या रंगावर जीव जडला. वास्तविक जिल्हा होरपळत होता. पारनेरकडं जनावरं छावण्यांत बांधलेली, माणसं रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बसलेली. त्यामुळं पुढाऱ्यांना दौरे फार. पण साहेब दौऱ्यावरून परतले की आधी बॉनेट बघत, मग पाणी पीत.

बॉनेटवर किडे असत. दुष्काळ माणसांना होता, किड्यांना नव्हता. कोल्हारच्या बाजूला कॅनॉलवर ऊस उभा होता, आणि दिवेलागणीला त्या पट्ट्यातून गाडी निघाली की पाकोळ्या, चिलटं, हिरवे किडे समोरून येऊन फटाफट चिकटत. ते वाळले की रंगात डाग धरीत. ड्रायव्हरनं एकदा रॉकेलनं पुसून बघितलं, एकदा नारळाच्या शेंडीनं घासलं. साहेबांनी त्याला जे ऐकवलं ते मला इथं लिहिता येणार नाही.

दुसरा शत्रू खडी. दुष्काळी कामाच्या रस्त्यांवर ती सैल पसरलेली असे आणि चाकाखालून उडून रंगाचे टवके काढी. त्यावर साहेबांनी उपाय केला. त्यांची गाडी जायच्या आधी निरोप जाई आणि खडी फोडणाऱ्या बायका हातोडे ठेवून रस्ता झाडून घेत. मग साहेब येत, उतरत आणि त्यांच्या कष्टांबद्दल दोन शब्द बोलत. ते दोन शब्द मी लिहिलेले असत.

किड्यांवर मात्र निरोप चालेना. तेव्हा एके दिवशी गाडीतच साहेब म्हणाले, "तू एवढा बी.ए. झालास, काहीतरी सुचव की."

मला आठवलं, की आई वडिलांच्या धोतराला आणि फेट्याला पिठाची खळ देत असे. मळ खळीवर बसतो, धुतलं की खळ जाते आणि मळही जातो. मी म्हटलं, गाडीला पातळ खळ लावू. किडे चिकटतील ते खळीला. रात्री पाण्यानं धुवायचं, रंग जसाच्या तसा. साहेबांना ते एकदम पटलं. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. तो मला नावानं हाक मारीत नसे, बीए म्हणे. उतरल्यावर म्हणाला, "बीए, आता गाडीला फेटाबी बांधा, म्हंजे लगीनच उरकू."

पीठ कशाचं, हा प्रश्न सुटायला वेळ लागला नाही. रेशनवर परदेशातली तांबडी ज्वारी येत होती, मायलो म्हणत तिला. ती गोरगरीब नाक दाबून खात. साहेबांच्या घरीही नियमाप्रमाणं येई आणि कोठीत पडून राही. ती दळून आणली. खळ शिजवायला दिली साहेबांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडं. मी सांगितलं, नुसतं पीठ आणि पाणी, बाकी काही घालू नका. मावशींनी पळी खाली ठेवली.

"मीठ न्हाई घालायचं? अळणी सुतकात रांधत्यात, लेकरा. या घरात मी अळणी रांधायची न्हाई."

मी म्हटलं, हे खायचं नाही, गाडीला लावायचंय. त्या म्हणाल्या, कुणाला बी लाव, चुलीवर माझ्या हातानं शिजतंय ना. आणि मूठभर मीठ सोडलं. चुलीपाशी बी.ए.ची पदवी काही कामाची नसते. मी पातेलं उचललं.

खळ लावून आम्ही पारनेर तालुक्यातल्या एका छावणीवर गेलो. वाळून बॉनेटवर तिची छान पापडी धरली होती. उन्हात गाडी तापली तसा भाकरीसारखा वास सुटला. कारखान्याकडून या छावणीला उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, चाऱ्यासाठी जायचे होते. साहेबांनी तसं जाहीर केलेलं होतं. साहेब मांडवात उभे राहून वाढ्यांबद्दलच बोलत होते. लोक टोप्या सावरून ऐकत होते. भाषण बरं लिहिलं गेलं होतं.

पहिल्यांदा एक खिलार बैल खुंटा उपटून आला. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. त्यानं बॉनेट हुंगलं आणि चाटायला सुरुवात केली. मग एक गाय आली. मग दावणीत एकच हिसकाहिसकी सुरू झाली आणि बघता बघता गाडी जनावरांनी वेढून टाकली. बॉनेट, मडगार्ड, दारं, सगळीकडं जिभा. खरवडी काढताना कढईवर उलथनं फिरावं तसा आवाज येत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवीत होता, पण आठवड्याच्या भुकेला हॉर्न ऐकू येत नाही.

साहेब भाषणात थांबले. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्याला वाटलं, आपणच खुलासा केला पाहिजे. तो हात जोडून उठला.

"साहेब, रागावू नगा. तुमचं वाढं भाषणात आलं, पर छावनीत न्हाई आलं. त्या मुक्याला भाषण कळत न्हाई, म्हनून गाडी चाटतंय."

मांडवात कुणी हसलं नाही. हसू दाबल्याचा आवाज मात्र बराच झाला.

दुधी रंगावर सगळीकडं बारीक ओरखडे उठले होते, जणू कुणी पॉलिशपेपर फिरवला होता. परतताना कोल्हारच्या पुलावर गाडी थांबवून साहेबांनी मला सांगितलं, की महिनाअखेरीला तुझी मुदत संपते, ती संपू दे. हेडमास्तरांना मी कळवतो. ड्रायव्हर पुढं बघत राहिला. त्या दिवशी त्यानं मला बीए म्हटलं नाही, यावरून मला प्रकरणाची कल्पना आली.

पण छावणीवर नगरच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर आला होता, आणि त्याच्याजवळ कॅमेरा होता. साहेबांच्या जाहिरातींवर साप्ताहिक चालत असल्यामुळं त्याला त्या दृश्याचा योग्य अर्थ लागला. फोटो पहिल्या पानावर आला. मुक्या जनावरांनीसुद्धा आपला अन्नदाता ओळखला, त्याच्या वाहनाला जिव्हास्पर्शानं वंदन केलं, वगैरे वगैरे. म्हाताऱ्याचं वाक्य छापायला जागा पुरली नसावी.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर हारतुरे घेऊन माणसं आली. कुणी म्हणालं, हे पूर्वजन्मीचं पुण्य. एका संचालकांनी तर डोळे पुसले आणि स्वतःच्या गाडीकडं जरा दुःखानं पाहिलं. संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. फोटो टेबलावर काचेखाली गेलेला होता.

"पुढच्या छावणीला खळ तयार ठेव," ते म्हणाले. "मावशीला सांग, मीठ जरा सैल हातानं घाल."

मी रंगाचं विचारलं. ते म्हणाले, रंग काय, परत मारता येतो.

असे आम्ही छावण्यांमागून छावण्या केल्या. ज्या रंगापायी बायकांनी रस्ते झाडले तो जिभांनी पार उतरवला. खालचा करडा थर दिसू लागला. लोक त्या करड्या ठिकाणांना हात लावून कपाळाला लावीत. मी वर्षानुवर्षं कष्टानं शिकलो होतो, आणि मी केलेली सगळ्यांत यशस्वी गोष्ट ही होती. कायम झाल्याची ऑर्डर साहेबांनी स्वतःच्या हातानं दिली. वडिलांनी गावात गूळ वाटला, कारण साखर कारखान्यात नोकरी असली तरी साखर आम्हाला रेशनवरच मिळत होती.

मग एका छावणीवर घात झाला. आमच्या आधीच वाढ्यांचा ट्रक पोचला होता. जनावरं पोटभर खाऊन रवंथ करीत बसली होती. त्यांनी गाडीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. वार्ताहर कॅमेरा गळ्यात घालून नुसता उभा. साहेब अवघडून बॉनेटपाशी थांबले, जरा बाजूला झाले, पुन्हा थांबले. एकही बैल उठला नाही.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला शांतपणे समजावलं. इथून पुढं ट्रक आपल्या मागून निघेल. आदल्या दिवशीही वाढे जायचे नाहीत, पोट थोडं रिकामं पाहिजे. फोटो झाला की पोटभर खाऊ दे, आपण काही कसाई नाही. ट्रकवाल्यांना निरोप देण्याचं काम माझ्याकडं आलं. मी कायम होतो, म्हणजे आता अशी कामं विश्वासानं सांगता येत होती.

मी हो म्हणून बाहेर आलो, ट्रकच्या अड्ड्यावर गेलो, तिथलं काम उरकलं आणि खोलीवर येऊन हेडमास्तरांना पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप सर यांस शि. सा. नमस्कार.

मी कायम झाल्याचे आपल्याला कळले असेल. का झालो ते साप्ताहिकात छापले आहे, पण त्यातले वंदन वगैरे खरे नाही. गाडीला मीठ घातलेली खळ असते आणि जनावरे उपाशी असतात. आता ती उपाशी राहावीत म्हणून वाढ्यांचा ट्रक मागाहून न्यावा, असा निरोप मला द्यायचा होता. मी ट्रकवाल्यांना पहाटेच निघायला सांगितले आहे. उद्या आम्ही छावणीवर पोचू तेव्हा जनावरांची पोटे भरलेली असतील आणि गाडी कोणी चाटणार नाही. निरोप माझ्याकडे होता हे साहेबांना ठाऊक आहे. म्हणजे माझे कायमपण उद्या दुपारपर्यंतचे आहे.

घरी मी कळवलेले नाही. वडिलांना आपण सांगितलेले पटते. आपण माझ्याबद्दल शब्द दिला होता, म्हणून साहेबांचे पत्र येण्याआधी माझे यावे एवढ्यासाठी लिहीत आहे. दिलेला शब्द आपण मागे घेतला तरी माझी तक्रार नाही.

शाळेत मराठीची जागा रिकामी असल्याचे ऐकले. ती भरली नसेल तर मी परवाच्या एस.टी.ने येतो. भरली असली तरी येतो.

आपला विद्यार्थी"