नऊ नंबरचं नाव

दुमडलेल्या बोटांनी स्वतःच्या कपाळावर टकटक करून साहेब म्हणायचे, “माझे सगळे गोल इथून.” जुन्या खेळावर बोलणारा असा एखादा म्हातारा तुमच्याही ऑफिसात असेल. आमचा जर्मन होता.

बहरीनमधल्या हिद्दच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात ते जहाजांच्या टाक्यांतली हवा तपासत. पर्मिटवर त्यांची सही झाली की माणसं आत उतरत. मी त्यांचा क्लार्क. माझा धाकटा भाऊ हमीद वेल्डर, रोज त्याच टाक्यांत.

महायुद्धानंतरच्या वर्षांत साहेब गावच्या हौशी फुटबॉल संघातून पुढच्या फळीत खेळले. नंबर नऊ. आठवडाभर बॉयलरचा कारखाना, रविवारी मैदान. चामड्याचा चेंडू पावसात भिजून दगडासारखा जड व्हायचा, तोच डोक्याने मारायचा. मोठ्या क्लबाने पगारावर बोलावलं तेव्हा ते गेले नाहीत. “मग सोमवारी कारखान्यात कोण जाणार?” हे ते अगदी गंभीरपणे सांगत.

एके दिवशी त्यांनी एकच टाकी दोनदा तपासली. पहिली खेप त्यांना आठवतच नव्हती.

“दोनदा झाली ते बरं,” हमीद जेवताना म्हणाला. “एकदाही नाही झाली तर आमचं खलास, भाई.”

साहेबांनाही कळलं होतं. त्यांनी संघातली अकरा नावं कागदावर लिहून मला दिली. “रोज सकाळी विचार. एक जरी चुकलं तरी मला सही करू देऊ नकोस. आणि नाव सांगायचं नाही.”

तेव्हापासून मला सकाळची भीती वाटू लागली. ते खिडकीशी उभे राहून गोलकीपरपासून नावं म्हणत, मी कागदावरून बोट सरकवत असे. एकदा ते सातव्याशी अडखळले. माझे ओठ हलले. त्यांनी पाहिलं, नाव म्हटलं, सही केली. हमीद वर येईपर्यंत मी टाकीच्या तोंडाशी उभा होतो. मागे साहेब येऊन उभे राहिले. “पुन्हा असं करू नकोस,” एवढंच म्हणाले.

मग ती सकाळ आली. आठ नावं नीट झाली आणि ते थांबले. बाहेरून हमीदने हाक दिली, “यल्ला भाई, लवकर, पर्मिट.” मी कागदावरून नजर उचलली नाही. नववं नाव त्यांचं स्वतःचं होतं.

त्यांचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. “दुसऱ्या कुणाला तरी बोलाव.”

दिवसभर ते टाकीच्या तोंडाशी बसून होते, शेवटचा माणूस वर येईपर्यंत.

त्याच महिन्यात ते मायदेशी गेले. पुढे त्यांच्या मुलीचं पत्र आलं, ते वारल्याचं. मी ड्रॉवरमधून तो कागद काढला आणि त्या सकाळी ओठांत दाबून धरलेलं नाव मोठ्याने वाचलं.