इयत्ता सतरावी

जगातल्या प्रत्येक इंग्रजी मजकुराला एक इयत्ता असते आणि ती काढल्याशिवाय त्याला हातातून सोडायचं नसतं, असं मानणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले मामा चौलला सुपारीच्या वाडीत राहतात. कागद हाती आला की शंभर शब्द मोजायचे, त्यात वाक्यं किती ते बघायचं, मग हनुवटीखाली हात आडवा धरून एकेक शब्द उच्चारायचा. हनुवटी हाताला जितक्यांदा टेकेल तितके त्या शब्दाचे तुकडे, आणि दर तुकड्याला एक सुपारी या टोपलीतून त्या टोपलीत. शेवटी काहीतरी गुणाकार-भागाकार करून कोपऱ्यात पेन्सिलीने 'इयत्ता नववी' असं लिहायचं. म्हणजे हा मजकूर कळायला माणूस निदान नववी शिकलेला हवा. नवखे पाहुणे मामांची दाढ दुखतेय असं समजून लवंग हवी का विचारतात.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी ऐटीत इंग्रजीत लिहिलेली माहिती मामांकडे गेली होती. "सहावी. मुलगा सरळ आहे," एवढं बोलून त्यांनी पसंती कळवली. मी नोकरी काय करतो हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. एकदा आगरदांड्याला आम्ही दिघीच्या बोटीसाठी थांबलो होतो. तिथे लाइफ जॅकेटच्या सूचनांचा इंग्रजी फलक होता. मामा त्याच्यासमोर उभे राहिले ते राहिलेच. मामी बोटीत बसून पलीकडे गेल्या आणि हे अलीकडेच. "चौदावी आहे," मला म्हणाले. "बुडणाऱ्याला एवढा वेळ नसतो."

हळूहळू गावातले लोकही औषधांच्या चिठ्ठ्या, कसलेकसले कागद घेऊन येऊ लागले. मामा आकडा घालून कागद परत करायचे. त्यात काय लिहिलंय ते मात्र कुणी विचारत नसे आणि मामाही सांगत नसत. त्या आकड्याचा लोकांनी काय अर्थ लावलाय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी मी तिथेच होतो. मामींना मासळी देणारी कोळीण नवऱ्याच्या पोटाच्या तपासणीचा कागद घेऊन आली. डॉक्टर सोमवारी भेटणार होते आणि तिला तोवर धीर नव्हता. मामांनी रंगात येऊन सुपाऱ्या हलवल्या आणि 'सतरावी' लिहिलं. असा कागद बऱ्याच दिवसांत आला नव्हता, म्हणून ते खुशीत होते. बाई मटकन पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. मामा गोंधळले. कागद अवघड आहे खरा, पण त्यात रडण्यासारखं काय, असं त्यांना वाटलं. शेवटी मामींनी तिला जवळ घेऊन विचारलं.

"माज्या दिराचा कागूद पंदरावीचा व्हता," ती म्हणाली. "त्यो दोन म्हयन्यात गेला. ह्यो तर सत्रावीचा हाय."

मामांचा चेहरा पडला. त्यांनी इतका वेळ कागद मोजला होता, वाचला नव्हता. आता मात्र त्यांनी तो दोनदा नीट वाचला. "बाई, गाठबीट काही नाही," ते म्हणाले. "थोडी सूज आहे, बाकी सगळं ठीक आहे. एवढंच लिहिलंय यात."

"मंग सरळ लिवाया काय झालं व्हतं त्यानला?" तिने डोळे पुसत विचारलं. मामांनी रबर घेऊन आकडा खोडला आणि खाली मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं, 'गाठ नाही. घाबरू नये.' चौथीपर्यंत शाळेत गेलेल्या त्या बाईने एकेका अक्षरावर बोट ठेवून ते स्वतः वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि मासळी तशीच पायरीवर टाकून घराकडे धावली.

मामा तेव्हापासून आधी अर्थ सांगतात आणि मगच आकडा काढतात. त्या संध्याकाळी मात्र ते सुपाऱ्यांच्या टोपल्या बाजूला सारून ओटीवर बसले होते. त्यांची जराशी फिरकी घ्यावी म्हणून मी शेजारी जाऊन बसलो.

"जावईबापू, जन्मभर इंग्रजी शिकवलं," ते म्हणाले. "पण मी वाचलेलं ऐकून कुणाचा जीव भांड्यात पडलेला आज पहिल्यांदा पाहिला."

मला काही फिरकी घेता आली नाही.